घरचाच काढा

डॉक्टरांनी टिपणीसकाकांची खालची पापणी ओढली. डोळा हळदीसारखा पिवळा.

"दारू?"

"वासही घेत नाही."

"औषधं?"

"एकही नाही," काका ऐटीत म्हणाले. "फक्त गुळवेलीचा काढा. तो घरचाच."

"तोच यकृताला भोवलाय. आजपासून बंद!"

घरचा म्हणजे खालच्या मजल्यावरच्या कुंदाताईंच्या घरचा. काकू गेल्यापासून काकांची बेल वाजवणाऱ्या त्या एकट्याच. काकांचा कप रिकामा होईपर्यंत बसून साऱ्या सोसायटीची उणीदुणी काढायच्या.

दुसऱ्या सकाळी काका दारातच म्हणाले, "डॉक्टरांनी काढा बंद केलाय."

"माझा काढा बाधला? राहिलं मग!" थर्मास घेऊन त्या वळल्या.

"चहा तरी घ्या."

"चहा सोडलाय मी."

त्या जिना उतरू लागल्या. काका कठड्यावरून वाकले.

"अहो, अर्धा कप द्याच!"