आळणी भात

आईने तीन ताटं वाढली आणि एक लहान वाटी टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला ठेवली. वाटी जुनी होती, कडेला चेपलेली. तिच्यात मऊ भात होता.

दवाखान्यातल्या नर्सबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसून बघत होत्या. नऊ वर्षांची पोरगी, पण जिना चढताना मध्येच खाली बसायची, धापा टाकायची, रात्री गुडघे धरून रडायची. म्हणून डॉक्टरांनी बाईंना घरी पाठवलं होतं. "तुम्ही रोजच्यासारखं जेवा," बाई आल्या आल्या म्हणाल्या होत्या. "मी इथे नाहीच असं समजा."

बाप लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून नुकताच आला होता. हातावरचं ग्रीस पुरतं निघालं नव्हतं. पाहुण्या बाईसमोर गप्प बसणं त्याला जमेना.

"लिफ्टमध्ये पाटी असते ना बाई, सहा माणसं म्हणून? आमची ढब्बू आत शिरली की मी दोन धरतो."

तो हसला. मग त्याची नजर त्या वाटीवर गेली आणि त्याने जीभ चावली.

"ढब्बू कोण म्हणतं तिला?" बाईंनी विचारलं.

"लाडाने हो. घरातलं नाव."

"शाळेतही लाडानेच म्हणतात का गं?"

पोरीने ताटातून मान वर न करता ती नुसती हलवली. नाही. बाप एकच घास बराच वेळ चावत राहिला.

बाकावर दोघांना बसता येईल एवढी जागा होती. पोरगी मात्र पार कडेला बसली होती, अर्धी बाहेर, एक पाय जमिनीला टेकवून. भिंतीकडची जागा रिकामी होती. वाटी त्या जागेसमोर होती.

ताट संपलं. पोरगी पाणी प्यायली, तिने पोटावर हात ठेवला, एक लांब श्वास सोडला. मग हात लांब करून वाटी ओढली.

"थांब जरा," बाई म्हणाल्या. "पोट भरलं तुझं?"

पोरीने आधी आईकडे बघितलं.

"माझं भरलं."

"मग ही वाटी?"

"ही त्याची. त्याचं राहिलंय."

आई ओट्याकडे वळली. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी फडकं घेऊन पुसू लागली.

"दोघं जुळी झाली," ती पाठमोरीच म्हणाली. "हिचं अंग भरत गेलं, त्याचं उतरत गेलं. भाताची चव नुकती लागली होती त्याला. वाटी दिसली की हात पुढे करायचा." तिने फडकं पिळलं. "वाढल्याशिवाय मला राहवत नाही. आणि वाढलेलं टाकू कसं? म्हणून ही खाते."

"उष्टं नाही, काही नाही," बाप हळूच म्हणाला. "वाटणीचं आहे."

"एक माझं बारीक होत होत गेलं, बाई. आता हिलाही बारीक करा म्हणता?"

बाई उठून आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"बारीक नाही करायचं. आहे ते वजन थोपवायचं, बस. ती उंच होईल तशी त्यात मावेल. तिला एकटीला उपाशी ठेवायचं नाही. सगळ्या घराने एकसारखं जेवायचं. बापाने संध्याकाळी तिला घेऊन पायी फिरून यायचं, आणि नावाने हाक मारायची. पण एका पोटात दोन पोरं जेवू घालू नका. गुडघे तिचे एकटीचे आहेत."



"मी खाल्लं नाही तर तो उपाशी राहील," पोरगी म्हणाली. रडून नाही, एखादी ठरलेली गोष्ट सांगावी तशी.

बापाने ताटावरून हात उचलला. आईने फडकं खाली ठेवलं, टेबलापाशी आली आणि पोरीच्या हातातून वाटी काढून घेतली.

"आण. आज मी भरवते त्याला," ती म्हणाली आणि उभ्या उभ्याच पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

घास तिच्या तोंडातच थांबला.

"आळणी आहे गं हा."

"रोजच असतो," पोरगी म्हणाली.

आईने मिठाच्या बरणीकडे बघितलं. बरणी शेगडीजवळच होती. मोठ्या भांड्यात मीठ पडायचं. वाटीपुरता भात वेगळा शिजायचा त्या लहान भांड्याकडे हात कधी गेलाच नव्हता, आणि तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. त्या भांड्यातला भात पोरीशिवाय कोणी चाखलाच नव्हता.

"इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"त्याच्यासाठी करतेस ना," पोरगी म्हणाली. "एवढ्या लहान बाळाला मीठ देत नाहीत."

आईने घास गिळला. दुसरा घेतला. कोणी तिला थांबवलं नाही. वाटी रिकामी होईपर्यंत स्वयंपाकघरात फक्त बोटांचा वाटीला लागलेला आवाज होता.

"आई, त्याचं भरलं?"

आईने मान हलवली. भरलं.

पोरीने शेजारच्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. नीट चाचपून बघितलं. मग ती बाकाच्या कडेवरून आत सरकली, दोन्ही पाय वर घेतले, आणि तरीही भिंतीकडे एका लहान बाळाला बसता येईल एवढी जागा तिने सोडली.