कट्ट्याची गोल कड

अंगणातल्या कट्ट्याच्या कडेवर मेणबत्ती घासून वैजू पुन्हा मागे गेली. स्केटबोर्डवरून वेगात आली, उडी मारली, बोर्डाचं शेपूट कडेवर टेकवलं. तसंच टोकापर्यंत घसरत जायचं होतं. हातभर जाऊन ती याही वेळी आपटली.

पायरीवर चहा घेत बाप बघत होता. तो गवंडी, कट्टा त्यानंच बांधून दिला होता. पोरीच्या नडग्या फुटू नयेत म्हणून कड थापीनं मुद्दाम गोल केली होती.

"भीती वाटते का गं?"

"नाही पप्पा. कड गोल आहे, चाकं तिला अडत नाहीत, निसटतात. तुम्ही एवढ्या हौसेनं बांधलात, म्हणून बोलले नाही."

म्हणजे दोन महिने त्यानंच तिला पाडलं होतं.

चहा तसाच ठेवून त्यानं छिन्नी-हातोडा आणला. गोलाई फोडून काढली, कडेला सिमेंटात लोखंडी अँगल बसवला, आठवडाभर पाणी मारलं.

पुढच्या रविवारी बोर्ड खरखरत थेट टोकापर्यंत गेला. उतरताना कडेनं नडगी सोलली. वैजू लंगडत, हसत पायरीपाशी आली.

हळदीची वाटी बापानं सकाळीच तिथं आणून ठेवली होती.