स्टेजवरचं जाजम

शेवटची पायरी चढून प्रमोदिनीबाई स्टेजवर आल्या आणि जागीच थांबल्या. सोफ्याखाली, टीपॉयखाली, पाहुण्यांच्या बुटांखाली त्यांनी विणलेलं चित्र अंथरलं होतं.

ओळख पटायला क्षणही लागला नाही. मेंढीची काळी लोकर, हळदीसारखा पिवळा, गंजका तांबडा आणि त्यातून तिरकी गेलेली एकच पांढरी रेघ. याच सभागृहाच्या भिंतीवर ते कितीतरी वर्षं होतं. भिंत रंगवताना उतरवलं, मग कुठं गेलं ते कुणालाच सांगता येईना. बाई चौकशा करून थकल्या होत्या. आजच्या सत्कारालाही त्या त्यासाठीच आल्या होत्या. इथल्या कुणा जुन्या माणसाला विचारता येईल, मरायच्या आधी ते एकदा डोळ्यांनी बघता येईल. नाहीतर शाल-श्रीफळाचं त्यांना काही अप्रूप उरलं नव्हतं.

त्यांनी चप्पल काढली.

"आवो मॅडम, चप्पल ऱ्हाऊ द्या की!" मंडळाचा सेक्रेटरी ऋतुराज लगबगीने पुढे आला. "खास तुमच्यासाठी गोडाऊनमधनं हुडकून काढलंय हे जाजम. नुसत्या फरशीवर तुमाला बसवायचं म्हंजे बरं दिसत न्हाय."

त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्याची तरी काय चूक? चित्रात ना देव, ना घोडा, ना उगवता सूर्य. असलं चित्र माणूस अंथरणार नाही तर काय करणार! त्या अनवाणी सोफ्यावर बसल्या आणि पाय जमतील तेवढे आत ओढून घेतले.

मग भाषणं झाली. सत्कारमूर्तीची सगळी माहिती सत्कारमूर्तीलाच ऐकवायची आपल्याकडे पद्धत आहे. एकाने बाईंच्या नाटकांच्या सेटचा विषय काढला, दुसऱ्याने सिनेमाच्या पोस्टरांचा. बाईंनी आखून दिलेली वेताची खुर्ची अजून घरात आहे, म्हणून एका कारखानदाराने टाळ्या घेतल्या. साड्यांचे काठ झाले, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं झाली. "मॅडमचा हात लागला न्हाय असं एक क्षेत्र दाखवा!" असं म्हणत प्रमुख पाहुण्यांनी जोशात पाय आपटला. बूट नेमका पांढऱ्या रेघेवर पडला.

बोलले ते खोटं नव्हतं. पण त्या सगळ्यात बाई नुसतं आखून द्यायच्या. करणारे सुतार, विणकर, छापखानेवाले वेगळे. हे एकच असं होतं की घरात माग मांडून, दार लावून घेऊन त्यांनी स्वतः धागा धागा भरला होता. नवरा गेला त्या वर्षी. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून विणलं होतं.

फोटो झाले आणि मंडळी मागच्या अंगणात जेवायला पळाली. स्टेजवर ऋतुराज आणि वायरी गुंडाळणारा माईकवाला तेवढे उरले.

"मॅडम, चला की. ताट वाढलंय."

बाईंनी त्याचा हात धरला. "ऋतुराज, हे मी विणलंय."

"कुठलं?"

"हे, पायाखालचं. हे जाजम नाही रे. चित्र आहे. इथंच भिंतीवर होतं."

ऋतुराजने झटकन एक पाय मागे घेतला. मागेही तेच होतं. तो चक्क उडी मारून फरशीवर उतरला, बूट काढले आणि कानाला हात लावला.

"आधी सांगायचं न्हाय का ओ! आनि विणकाम तेवढंच ऱ्हायलं की भाषणात!"

माणूस दिलदार. त्याला काही राहवेना. "थांब रं, वायर काढू नगं," असं माईकवाल्याला ओरडून तो माईकपाशी गेला.

"मंडळी, एक मिनिट! एक सांगायचं ऱ्हायलं. मॅडमनी विणकाम बी केलंय, बरं का. हे जाजम... हे चित्र त्यांनी सोत्ताच्या हातानं विणलंय. जोरदार टाळ्या!"

समोर खुर्च्यांच्या रांगाच रांगा होत्या आणि एकीवरही माणूस नव्हतं. ऋतुराज स्वतःच टाळ्या वाजवू लागला. माईक हातांपाशीच होता, त्यामुळे एकट्याच्या टाळ्या साऱ्या सभागृहात घुमत राहिल्या.

बाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्या रिकाम्या खुर्च्यांना वाकून नमस्कार केला.