इमोजिनची फुलं

ओडेसाने पुष्पचक्र काउंटरवर आदळलं. पांढऱ्या पाकळ्या उघड्या पडलेल्या रेडिओंच्या तारांत विखुरल्या.

"हे तुमच्याकडून आलंय. परत घ्या."

ऑर्विल प्रूइटने चष्मा कपाळावर सरकवला आणि रिबिनीवरची अक्षरं सावकाश वाचली. 'थॅडियसला. इमोजिनकडून.'

"माझं नाव कुठंय यावर?"

"मिस्टर प्रूइट, उद्या माझ्या वडिलांना निरोप द्यायचाय. ती बाई चर्चच्या पायरीवर दिसता कामा नये."

"तिला अडवणं अवघड आहे, पोरी. अगदी पुढे असेल ती. तुझ्याही पुढे."

"तंगड्या मोडून ठेवीन तिच्या."

"पास्टरची नात शोभतेस."

ओडेसाचे आजोबा माउंट पिस्गा चर्चचे पास्टर होते. प्रूइटच्या दुकानामागच्या खोलीत 'कटाल्पा रेकॉर्ड्स' ही तबकड्यांची कंपनी निघाली आणि मेम्फिसमधली तरणी पोरं तिच्या गाण्यांवर नाचू लागली, तेव्हा त्यांनी भर प्रार्थनेत चर्चमधल्या एका गाणाऱ्या मुलीला उभं केलं. ती कटाल्पासाठी गायली होती. सगळ्यांसमोर तिच्या कपड्यांवरचा गायनवृंदाचा झगा उतरवून घेतला. सैतानाची गाणी गाणाऱ्या तोंडाने देवाचं नाव घ्यायचं नाही. त्यानंतर माउंट पिस्गाचं कुणी या गल्लीत फिरकलं नाही.

एक थॅडियस सोडून. पास्टरांचे जावई, ओडेसाचे वडील. चर्चचे डीकन, पास्टरांना कामात मदत करणारे मानकरी.

दर गुरुवारी ते 'कामाला' जायचे आणि कोटाला सिगारेटचा वास घेऊन परतायचे. एकदा त्या कोटात तबकडी सापडली. इमोजिनची. आईने ती एकदाच लावली. गाणं संपत आलं तशी उचलली आणि टेबलाच्या कडेवर आपटून मोडली.

"हा आवाज माझ्या घरात नको."

वडिलांनी केरसुणी आणून तुकडे गोळा केले. दारात उभ्या असलेल्या ओडेसाला तेवढा कबुलीजबाब पुरला होता.

"माझी आई झुरून गेली त्या बाईपायी," ती म्हणाली.

"आणि माझी कंपनी?" प्रूइटचा आवाज चढला. "अटलांटापासून शिकागोपर्यंत लोक इमोजिनला बघायला तडफडत होते. एकदा, फक्त एकदा स्टेजवर उभी राहा म्हणून मी पाया पडलो. तुझ्या बापाने तिला बाहेर पडू दिलं नाही ते नाहीच. लोक म्हणाले, हा प्रूइट बनेल आहे, अशी कुणी बाईच नाही. कटाल्पा बुडाली. मी आता लोकांचे रेडिओ दुरुस्त करतो. आणि तो डीकन! पुढच्या बाकावर, पांढरे हातमोजे घालून!"

"त्यांच्याबद्दल नीट बोला. त्यांच्यासारखी प्रार्थना चर्चमध्ये कुणी म्हणत नव्हतं."

ते खरंच होतं. ओळ म्हणता म्हणता शेवटच्या शब्दाआधी ते थांबायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि मगच तो शब्द सोडायचे. गाणारे हसून म्हणायचे, 'डीकन शब्द आणायला गेले.' काल तालमीत सगळे सवयीने त्या जागी थांबले. पुढचा शब्द कुणालाच उचलवेना.

"जिवंत आहे का ती?" ओडेसाने विचारलं.

"मागच्या महिन्यात होती. फुलं तिनेच सांगितली. पांढरीच आण म्हणाली."

"लाज नाही."

"लाज होती गं. लाजच नडली."

"आणि गाणं तरी कुठे येत होतं? मी चर्चचा ऑर्गन वाजवते. शेजारच्या रेडिओवरून भिंतीपलीकडून जेवढं कानावर पडलं, तेवढं एकदा चोरून वाजवून पाहिलं होतं मी. तिचा सूर दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतो. बेसूर बाई!"

प्रूइटने चष्मा खाली ओढून तिच्याकडे पाहिलं.

"इतक्या वर्षांत हे कुणाला कळलं नव्हतं," तो म्हणाला. "कान बापाचे घेतलेस."

तो आतल्या खोलीत गेला. परतला तो टेपचं चाक घेऊन. त्याने ते यंत्रावर चढवलं.

"मला ऐकायचं नाही," ओडेसा म्हणाली.

"मग जा."

ती गेली नाही. ढोल वाजू लागला, त्यावर पियानो, आणि मग तो आवाज. कोवळा, बारीक, लाडिक. ओडेसाने पर्स उचलली.

"हे लोकांनी ऐकलं," प्रूइट म्हणाला. "तबकडी बनवताना आम्ही टेप जरा जास्त वेगाने पळवायचो, आवाज बारीक व्हायचा. तेव्हा बरेच जण करायचे. आता खोलीत गायलं गेलं ते ऐक."

त्याने बटण फिरवलं.

ढोल जड झाला. पियानो घसरत खाली आला आणि नेमका पट्टीवर बसला. त्यामागून आवाजही उतरत गेला. त्याचं कोवळेपण गेलं, लाडिकपणा गेला. तो भरला, रुंद झाला, पुरुषाचा झाला.

शेवटची ओळ आली. शेवटच्या शब्दाआधी आवाज थांबला. एक लांब श्वास ऐकू आला.

ओडेसाने पर्स खाली ठेवली आणि हात पुष्पचक्रावर टेकवला. डीकन शब्द आणायला गेले होते.