भेगेवरची काच

काच शाबूत होती, आणि नेमकं तेच बघून ऋतुजाचं डोकं फिरलं.

मोडनिंबजवळच्या या दगडखाणीच्या कड्यांवर लक्ष ठेवणं हे तिचं काम. खाणीत उतरायच्या रस्त्यालगत कड्यात एक भेग होती. त्या भेगेवर तिनेच काचेची पट्टी आडवी बसवली होती, दोन्ही टोकं सिमेंटमध्ये पक्की. कडा जरासा हलला तरी काच तडकणार. "काच फुटलेली दिसली की कुणाला विचारत बसू नका, वर पळा," असं तिने खाली काम करणाऱ्या बायांना बजावून ठेवलं होतं. बहिणीच्या लग्नासाठी ती रजेवर गेली तेव्हा भेगेत नख शिरत नव्हतं. आज बोटं शिरत होती, तरी पट्टी अखंड. तिने अंगठ्याने दाबून पाहिलं. पट्टी वाकली. ती काच नव्हतीच, प्लॅस्टिक होतं.

"सारखी फुटायची हो मॅडम," मॅनेजर पृथ्वीराज हसत म्हणाला. "दर वेळी काम बंद. आता बघा, एकदाही फुटली नाही."

"अहो, फुटावी म्हणूनच लावली होती ती! आधी बायांना वर बोलवा."

"काम बंद करायचं की नाही, ते मी ठरवतो," असं म्हणत तो ऑफिसकडे वळलासुद्धा.

ऋतुजाच्या अंगाचा तिळपापड झाला. कड्याखाली बाया दगड फोडत होत्या, आणि या गृहस्थाने धोक्याची खूणच पुसून टाकली होती. वर शाबासकीची अपेक्षा! ती तशीच खाली धावली. बायांच्या टोळीची मुकादम सारजाबाई समोरच होती.

"सारजाबाई, सगळ्यांना वर घेऊन चला. कडा सुटतोय."

सारजाबाईने रस्त्याच्या बाजूला नजर टाकली. "काच तर धड हाय की, म्याडम. तुमीच सांगितलं व्हतं, फुटली तर पळा. आमी रोज बघूनच खाली येतो."

ऋतुजाने शिकवलेलं या बाईने चोख पाळलं होतं, आणि ते पाळूनच सगळ्याजणी मरणाखाली बसल्या होत्या. तिने सारजाबाईचा हात धरला आणि तिला पट्टीपाशी आणलं.

"मारा हातोडा."

सारजाबाई बिचकली. मग तिने हातोडा मारला. तो टणकन उलटा आला. तिने पुन्हा मारला, आता जोर लावून. पट्टी नुसतीच थरथरली. सारजाबाईने तिच्यावरून हात फिरवला, भेगेत बोटं घालून पाहिली, आणि खाली वळून हाक दिली, "बायांनो, घमेली टाका. वर चला."

बाया रस्ता चढू लागल्या तसा पृथ्वीराज धावत आला. "काय झालं? काच फुटली का?"

"न्हाय फुटली, सायेब," सारजाबाई न थांबता म्हणाली. "म्हणून तर चाललो."