सहाव्या कैद्याचं नाव

"मश कुदरत, जरा बाजूला व्हा. तुम्ही रेषेत येताय."

तहमीने वरून ओरडली. ती कड्याला लावलेल्या लोखंडी परांचीवर, तीन पुरुष उंचीवर गुडघे टेकून बसली होती. तिच्यासमोर दगडात कोरलेला राजा, त्याच्यापुढे एकाच दोरानं गळे बांधलेले सहा कैदी आणि भोवती खिळे विखरावेत तशी अक्षरं. सहाव्या कैद्याच्या डोक्याच्या वर, अक्षरांत, बंदुकीच्या गोळीनं पडलेलं भोक होतं. त्यात तिनं एक बारीक पोलादी सळई बसवली होती आणि दगडाला गाल टेकवून ती सळईच्या रोखानं खाली पाहत होती.

अक्रोडाखाली म्हाताऱ्या कुदरतचं चहाचं दुकान; यात्रा करून आलेला म्हणून सगळे त्याला आदरानं 'मश' म्हणत. दुकान म्हणजे चहाचं पाणी उकळायचा एक समोवार, बारा पेले आणि त्याचं स्टूल.

"सरका की, मश," फरामर्ज म्हणाला. तहमीनेची गाडी तो चालवायचा आणि सकाळपासूनचा हा त्याचा पाचवा चहा होता. "नाहीतर इंजिनियरबाई तुमचंही माप घेतील. तुम्ही तरी या दगडाहून कुठे लहान आहात?"

म्हातारा उठून दोन पावलं सरकला.

"अजून."

तो समोवारापलीकडे गेला. आता सळईच्या रोखावर फक्त अक्रोडाचं खोड होतं. तहमीनेनं वहीत काहीतरी लिहिलं आणि ती शिडीवरून उतरून आली. तिच्या गालाला दगडाची पांढरी धूळ लागली होती. तिनं पट्टी काढून खोडाच्या बेचकीची उंची मोजली.

"गोळी इथून आली. दोन अंशांची चूक धरली तरी इथूनच. नळी टेकवायला ही बेचकी बरोबर आहे."

"शिपाई रस्त्यावर उभे होते," मश कुदरत म्हणाला. "परके शिपाई, मोठ्या लढाईतले. गाड्या थांबवायचे, सिगारेटी लावायचे पैजेवर, आणि..."

"आणि राजावर गोळ्या झाडायचे," फरामर्जनं पुढचं पूर्ण केलं. ही गोष्ट त्यानं इथं येणाऱ्या शाळांच्या सहलींबरोबर कितीदा तरी ऐकली होती. तिचा शेवटही त्याला पाठ होता. "हात झडोत त्यांचे."

हे वाक्य नेहमी म्हाताऱ्याचं असायचं. या वेळी तो फक्त साखरेचे खडे फोडत राहिला.

"रस्ता पार पूर्वेला आहे," तहमीने म्हणाली. "तिथून मारलेली गोळी अशी तिरकी घुसणार नाही."

"पण बाई, साठ वर्षांपूर्वी ही बेचकी गुडघ्याएवढी असेल. झाड वाढलं नाही का?"

"झाड शेंड्याकडून वाढतं. बेचकी वर सरकत नाही, फक्त जाड होते." ती बेचकीजवळ उभी राहिली आणि एक डोळा मिटून तिनं कड्याकडे पाहिलं. बेचकी तिच्या छातीला लागत होती. "झाडणारा उंचीनं बेताचा असणार. एखादा पोरसवदा शिपाई. झऱ्यावर पाण्याला आला असेल."

"असेल," मश कुदरत म्हणाला.

फार झटकन म्हणाला. बोलल्यावर त्याचे कान तापले. त्या बेचकीत नळी टेकवली तेव्हा साल किती खरखरीत होती, हे त्याला अजून आठवत होतं. बंदूक बापाची होती. मागे उभे राहून खिदळणाऱ्या गावातल्या चौघा पोरांपैकी आता एकही हयात नव्हता.

"ते भोक बुजवाल ना तुम्ही?" त्यानं विचारलं.

"भोक बुजवता येईल. पण गेलं ते नाव गेलं."

"कसलं नाव?"

"प्रत्येक कैद्याच्या डोक्यावर त्याचं नाव कोरलंय. राजानं हरवलेल्या माणसांची नावं. पाच जणांची शाबूत आहेत. याच्या इथं लिहिलंय, 'हा' आणि मग भोक. भोकाच्या पुढे, 'हा खोटं बोलला.' बस, एवढंच."

"दुसरीकडे असेल की कुठेतरी. इतके दगड आहेत राजाचे."

"नाही, मश कुदरत. सगळे पाहून झाले. याचं नाव फक्त इथंच होतं."

म्हाताऱ्यानं मान वर केली. आयुष्यभर या कड्याखाली बसून त्यानं राजाकडे पाहिलं होतं. त्या सहाव्याचे हात पाठीमागे बांधलेले आहेत, याकडे त्यानं आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

"नेम राजाच्या दाढीवर होता," तो पुटपुटला.

"कुणाचा, शिपायाचा?" तहमीने बॅगेतून छापील कागद काढत होती. "हेही लिहिते. तोंडी माहिती म्हणून एक रकाना आहे यात. शिपायांची गोष्ट तुमच्याकडूनच आलीय, तेव्हा तुमच्या नावानं छापू. या दगडाचं पुस्तक निघतंय, त्यात कायमचं राहील."

"घ्या," फरामर्ज म्हणाला. "मश कुदरत राजाच्या पंक्तीला बसले. आता चहाचा भाव वाढवणार."

"पूर्ण नाव सांगा," तहमीने म्हणाली.

म्हाताऱ्यानं हात पंचाला पुसले. मग स्टूल उचललं, बेचकीखाली, जिथून त्याला उठवलं होतं तिथंच परत ठेवलं आणि तो बसला. वर भोकात सळई तशीच होती. तिचं टोक त्याच्याकडे चमकत होतं.

"कुदरत. करमअलीचा मुलगा, याच गावचा. लिहिलंस, पोरी?"

"लिहिलं. पुढे?"

"पुढचं वर दगडावर आहेच, भोकाच्या पुढे."