धूळ बसवायला

मी विमानं-हेलिकॉप्टरं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात लातूरजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा आई सकाळपासून घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी होती. आठ दिवसांनी आलेला टँकर रांगेसमोरून सरळ शाळेच्या मैदानावर गेला आणि तिथल्या फुफाट्यावर रिकामा झाला. दुष्काळाची पाहणी करायला मंत्री हेलिकॉप्टरनं येणार होते.

मी तलाठ्याला गाठलं. "प्यायचं पाणी मातीत ओतायची अक्कल कुण्या गाढवाची?"

"आमची न्हाई, साहेब. हेलिकॉप्टर कंपनीच्या पुस्तकातच हाय." त्यानं इंग्रजी झेरॉक्स माझ्या हातात दिली. इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून उतरण्याआधी जमीन पाण्यानं पूर्ण भिजवावी, असं त्यात लिहिलं होतं.

"एसीत बसून लिवलं आसंल मुडद्यानं," आई रिकामी घागर आपटत म्हणाली. "नाव आसंल की खाली. वाच बरं, कोन हाय त्यो."

&nbsp;

नाव माझंच होतं. आईला वाचता येत नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.